वैनगंगेच्या काठची मामी

माझी मामी घरातल्या घरात बोलली तरी शेजारपाजारचे वळून बघायचे. "मीठ दे वो" एवढंच म्हणायचं असलं तरी आवाज असा, की जणू नदीपलीकडच्या माणसाला हाक मारते आहे. त्यात तिचा दोष नव्हता. तिचे वडील वैनगंगेवर नाव चालवायचे, आणि ती या काठावरून त्या काठाला हाका देतच वाढली होती. लग्न होऊन देवरीकडे जंगलातल्या आमच्या गावात आली. तिथे पाणी म्हणजे फक्त गावचा तलाव. आवाज मात्र तेवढाच राहिला.

"काऊन वो, एवढ्या मोठ्यानं कायले बोलतेस? लोक का म्हणतील?" माझी आजी, म्हणजे तिची सासू, रोज टोकायची.

"लोकायले ऐकू गेलं तं म्हणतीलच ना जी," मामी हसून म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची.

माहेरची आठवण काढून ती कधी रडत बसली नाही. वडील वारल्याचा निरोप आला तेव्हाही नाही. फक्त एवढंच विचारलं, "त्यायची नाव आता कोण चालवून राहिला?" मामाच्या मनाला ते लागलं.

मामा एका लाकडाच्या ठेकेदाराची लॉरी चालवायचा. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून लॉरी कोळशाच्या गॅसवर धावायची. संक्रांतीला लॉरी रिकामी वैनगंगेकडे, मामीच्या माहेरच्या बाजूला जाणार होती. मामानं मालकाची परवानगी काढली, मागच्या ट्रेलरमध्ये भाताच्या पेंढ्याची तणीस अंथरली आणि गावातल्या डझनभर बायकांना स्नानाला घेऊन निघाला. आजी होती, मी होते, मामीही होती. चढण आली की लॉरी धापा टाकायची, मग आम्ही सगळ्या उतरून ट्रेलर ढकलायचो. वाटेतलं सौंदड येईपर्यंतच तोंडं कोळशानं काळी झाली होती. आजीनं हसून हसून पोट धरलं.

वैनगंगेत स्नान झाल्यावर बायकांनी नावेचा हट्ट धरला. म्हातारा नावाडी तयार झाला. निवळ पाणी, वाळूत डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, कोवळे वेल, पुढे चक्रवाकांच्या जोड्या. मामी नावेच्या टोकाला बसून पाण्यात हात घालून होती. रस्त्यावर कशालाच न भिणारा मामा मात्र दोन्ही हातांनी कड धरून डोळे मिटून बसला होता.

मधल्या धारेत नावाड्याचा बांबू खडकांच्या फटीत अडकला. त्यानं तो सोडला नाही, नाव मात्र पुढे गेली, आणि म्हातारा बांबूसकट पाण्यात पडला. नाव आडवी होऊन खडकांकडे वाहू लागली. बायका किंचाळत उभ्या राहायला लागल्या.

"खाली बसा! कोणी हलू नका!"

मामीचा तो आवाज ऐकून सगळ्या जागच्या जागी बसल्या. मामीनं पदर खोचला आणि नावेत पडलेला दुसरा बांबू उचलला. लग्नानंतर तिनं पहिल्यांदाच हातात बांबू धरला होता. एकदा रेटला, दुसऱ्यांदा रेटला. खडक हातभर अंतरावरून गेला. नाव संथ पाण्यात आली तशी तिनं ती वळवली आणि एका खडकाला धरून असलेल्या म्हाताऱ्यापुढे बांबू केला. "धरा जी, सोडू नका."

काठाला लागल्यावर म्हातारा धोतर पिळत म्हणाला, "बाई, तू आमच्या त्या वारलेल्या नावाड्याची पोरगी तं नोहे?" मामीनं होय म्हणून मान हलवली. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

परतताना आजी ट्रेलरमध्ये चढली आणि मामीला म्हणाली, "तू पुढे बस. त्याच्या बाजूले." ठेकेदाराशिवाय त्या जागेवर कोणी बसत नसे. वाटेत जो भेटेल त्याला मामा लॉरी थांबवून सांगत होता, "हे माही बायको. आज हिनं आमचे सगळ्यायचे जीव वाचवले."

गावी आल्यावर मामीनं ठरवलं, बायकांना पोहता आलंच पाहिजे. उन्हाळ्यात पहाटे आम्ही सगळ्या तलावाच्या काठावर लाजत उभ्या होतो. कोणी पुढे होईना. तेव्हा साठीची माझी आजी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचत पुढे झाली, सुनेचा हात धरला आणि कमरेइतक्या पाण्यात उतरली.