आतून कडी लागणारी खोली

तुळजापूरला पायी निघण्याआधी मी वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामाला फोन लावला आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारला, "संडासाला आतून कडी आहे का?" पलीकडचा माणूस गडबडायचा. लोक एसी विचारतात, गाडी कुठं लावायची ते विचारतात. गेवराईच्या लॉजवाल्यानं तर "ताई, आधी खोलीचे फोटो तर बघा" म्हणून मला समजवायला घेतलं. मी म्हटलं, भिंतीचे पोपडे निघालेले असू द्या, मला कडीचं सांगा. नोकरीतली सगळी वर्षं मी शहरातल्या एका सरकारी कार्यालयात काढली आणि तिथल्या संडासाचं दार एका हातानं आत ओढून धरावं लागायचं. त्यामुळं या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

खोली हवी होती ती माझ्या थोरल्या जाऊबाईंसाठी. थोडी माझ्यासाठीही हवी होती, ते मी कशाला लपवू? मला गादी आवडते, अंघोळीला कढत पाणी आवडतं आणि दिवसभर उन्हात चालल्यावर तर दोन्ही फारच आवडतात. देवीला जाताना या आवडी घरी कुलूपबंद करून जायला मी तयार नव्हते.

नवस जाऊबाईंचा होता. थोरल्या दिरांना, म्हणजे आमच्या दादांना, हृदयाचा झटका आला तेव्हा डॉक्टर धड काही बोलेनात. जाऊबाई दवाखान्याच्या जिन्यात बसून देवीला म्हणाल्या, हे उठून घरी आले तर पाच वर्षं तुझ्या पायाशी चालत येईन. दादा उठले. असे उठले की वर्षभरात हर्सूलच्या आमच्या पायी मंडळाचे प्रमुख झाले. डॉक्टरांनी फार चालू नका म्हणून बजावल्यामुळं बहुतेक वाट ते मंडळाची अंथरुणं नेणाऱ्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून करतात. चालणाऱ्यांचे नियम मात्र सगळे तेच घालतात.

चौथ्या वर्षी कोजागरीला तुळजापूर करून परत आल्यावर जाऊबाई तापानं फणफणल्या. लघवीचा संसर्ग पार मूत्रपिंडापर्यंत गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, वाटेत पाणी किती पीत होता? त्या भिंतीकडं बघत बसल्या. घरी आल्यावर मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की दुपारचा चहा झाला की मंडळातल्या बायका पाणी बंद करतात. मुक्काम शाळेच्या ओट्यावर नाहीतर देवळाच्या मंडपात. शाळेच्या संडासाला कुलूप आणि मंडपाला संडासच नाही. पूर्वी रस्त्याच्या कडेला बाभळी तरी होत्या, आता चौपदरी रस्ता झाला आणि आडोसा गेला. मग पहाटे अंधारात सगळ्याजणी मिळून कपाशीच्या रानात जायचं आणि तोवर कळ काढायची. हा नियम कुणी घातलेला नाही. जुन्या बाया नव्या बायांना पहिल्या दिवशी हळूच सांगतात, एवढंच. आणि सगळ्याजणी त्याला नवसाचाच भाग समजतात.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर मूत्रपिंड वाचणार नाही. पाचवं वर्ष तर राहिलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "शब्द दिलाय, जाणार." मी म्हटलं, जा, पण पाणी पिऊन जा. आणि मी फोन घेऊन बसले.

निघायच्या आदल्या रविवारी दादांच्या ओसरीवर बैठक झाली. मी उभी राहून सांगितलं की आम्ही दोघी सगळ्यांबरोबर चालू, सगळ्यांबरोबर जेवू, आरतीला उभ्या राहू, फक्त झोपायला खोलीवर जाऊ.

"लॉजवर उतरून कुठं नवस फिटत असतो व्हय?" दादा म्हणाले. "अंगाला झळ लागाय पाहिजे. आराम करायचा तर घरी बसायचं."

"दादा, झळ चालताना लागतीच की. टेम्पोच्या काचंतून दिसत असंल तुमाला."

दोघं-तिघं हसले आणि लगेच खोकले. जाऊबाईंनी माझा पदर ओढला. दीर वडिलांच्या जागी असतात हे मला माहीत आहे, माझं लग्न काही काल झालेलं नाही. पण वडिलांनीही असं म्हटलं असतं तर मी त्यांनाही हेच उत्तर दिलं असतं.

पाचोडला मी एका मुसलमान कुटुंबाची माडीवरची खोली ठरवली होती. माझ्या कार्यालयातल्या एका मैत्रिणीची ती मावशी. आठवडी बाजाराच्या मागं घर, खाली त्यांचं कापडाचं दुकान. मावशींनी आधी आम्हाला संडास दाखवला, कडी दोनदा लावून-काढून दाखवली आणि मग जाऊबाईंच्या हातात तांब्या दिला. "बाई, पेटभर पियो. रात को डर लगा तो मेरेकू आवाज द्या, मी खालीच हाय." जाऊबाईंनी तांब्या तोंडाला लावला आणि संपवूनच खाली ठेवला. पाच वर्षांत वाटेवर संध्याकाळचं पाणी त्या पहिल्यांदाच पीत होत्या. मला एकदम रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

गेवराईला लॉजच्या काउंटरवर दुसराच माणूस बसला होता. त्यानं आमच्या दोघींच्या मागं वाकून बघितलं आणि विचारलं, "सोबत माणूस कोण आहे?"

"आम्ही दोघी काय म्हशी आहोत का?" मी विचारलं.

तसं नाही ताई, नियम आहे, पुरुष माणूस असल्याशिवाय खोली देत नाही, असं तो पुटपुटायला लागला. मी सरकारी खुर्चीत आयुष्य घालवलेलं असल्यामुळं नियमाला कसं घ्यायचं हे मला येतं. म्हटलं, कुठं लिहिलंय ते दाखवा, नाहीतर इथंच पायरीवर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की देवीला चाललेल्या दोन बायांना बाहेर काढलं. त्यानं किल्ली दिली. गादी ढेकणांची निघाली, तो भाग वेगळा. कडी भक्कम होती.

बीडपर्यंत जाऊबाईंचा चेहरा खुलला. पाय सुजले होते, पण त्या चालता चालता बाटलीतून पाणी प्यायच्या आणि बाकीच्या बायका त्यांच्याकडं बघायच्या. बीडला सकाळच्या आरतीनंतर दादांनी सगळ्यांना थांबवलं. आमच्या मंडळात अशी रीत आहे की ज्या बाईचा नवस त्या वर्षी पुरा होतो, तिनं तुळजापूरच्या वेशीपासून देवळापर्यंत देवीची परडी हातावर घेऊन सगळ्यांच्या पुढं चालायचं. कवड्या, हळद-कुंकू आणि पीठमीठ असलेली ती वेताची टोपली हातात आली, की नवस फिटला असं सगळे धरतात. दादा म्हणाले, "जी बाई मंडळ सोडून लॉजवर झोपती, तिच्या हातात परडी जाणार नाय."

हे ते स्वतःच्या बायकोबद्दल बोलत होते. आणि जिच्या नवसावर स्वतः उठून बसले, तिच्याबद्दल बोलत होते. मी तोंड उघडलं, पण जाऊबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की मला गप्प बसावं लागलं.

त्या दिवशी दुपारनंतर त्यांनी बाटली पिशवीत ठेवून दिली. चौसाळ्याला मी खोलीची किल्ली घेऊन वळले तर त्या शाळेच्या ओट्यावर वाकळ अंथरत होत्या. "ताई, हे काय?" म्हटलं तर म्हणाल्या, "परडी नाय मिळाली तर पाच वर्षं पाण्यात गं माझी. मूत्रपिंडाचं काय व्हायचं ते हू दे."

मला संताप आला. दादांचा आला, जाऊबाईंचा आला आणि खरं सांगते, देवीचाही आला. दिवस मावळत होता, बायका भाकरी सोडायला बसल्या होत्या. मी ओट्याच्या मधोमध उभी राहिले आणि मोठ्यानं विचारलं, "दुपारच्या चहानंतर आज कुणी कुणी पाणी पिलंय? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. पुरुष दुसऱ्या टोकाला जेवत होते, तेही वळून बघायला लागले. मग पिशोरची एक म्हातारी म्हणाली, "बाई, लई वर्सं झाली, संध्याकाळी पानी कसं लागतं त्येच इसरले मी." एकीनं सांगितलं, तिला दर वर्षी लघवीला आग होते. एक तरुण सून मान खाली घालून म्हणाली, पाळी चालू आहे आणि सकाळपासून घडी बदललेली नाही.

"चला," मी म्हटलं. "सगळ्या चला माझ्या खोलीवर."

माझी खोली हार्डवेअरच्या एका दुकानावर होती. बायकांची रांग जिन्यातून खाली रस्त्यापर्यंत आली. दुकानदार बाहेर येऊन ओरडला, टाकी रिकामी होईल. मग त्यानं रांगेतल्या म्हाताऱ्यांकडं एकदा बघितलं, आत गेला आणि मोटार चालू केली. जाऊबाई सगळ्यात शेवटी आल्या. त्या आत गेल्या, कडी लावल्याचा आवाज आला आणि मी बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

दादा रस्त्यावर उभे होते. "हे काय चालवलंय?" त्यांनी विचारलं. बाकीचे पुरुष इकडंतिकडं बघायला लागले. तेव्हा मीच सांगितलं, लाजबीज न ठेवता, जे आहे ते सगळं. दादांचा चेहरा उतरला. "इतक्या वर्षांत कुणी बोललं नाय," ते म्हणाले.

"तुमी इचारलं नाय. तुमचा तर टेम्पो कुटंबी थांबत व्हता."

त्यांना ते लागलं. पण माणूस हट्टी. कळलं असूनही दिलेला शब्द मागं घ्यायचा नाही, यालाच ते आयुष्यभर मर्दपणा समजत आले. पुढच्या सगळ्या मुक्कामी बायका संध्याकाळी आमच्या खोलीवर येऊन जात राहिल्या आणि दादा तिकडं पाठ करून बसत राहिले. परडीबद्दल एक शब्द त्यांनी काढला नाही.

तुळजापूरच्या वेशीवर सकाळी मंडळ थांबलं. संबळ वाजायला लागली. दादा टेम्पोतून उतरले, परडी हातात घेतली, कवड्या नीट केल्या आणि जाऊबाईंच्या समोरून पुढं जाऊन ती पिशोरच्या म्हातारीपुढं धरली. म्हणाले, "मावशी, तुमी घ्या. तुमी सगळ्यांत जुन्या."

म्हातारीनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "मला नगं दादा. मीबी रोज त्या खोलीत जाऊन आले. लई बरं वाटलं."

दादांनी शेजारच्या बाईकडं बघितलं. तिनंही हात मागं घेतले. तिच्या शेजारच्या सुनेनंही. संबळवाला वाजवायचा थांबला. मला खूप काही बोलायचं होतं आणि त्या वेळी मी बोलले नाही, याचा मला आजही आनंद आहे. कारण जाऊबाई पुढं आल्या. त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि भर रस्त्यात, सगळ्या पुरुषांसमोर, मान वर करून त्या गटागटा पाणी प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं. मग नवऱ्याच्या हातातल्या परडीला दोन्ही हात लावले. दादांनी ती सोडली नाही. क्षणभर दोघांनीही धरून ठेवली होती.

"देवीनं तुमाला दवाखान्यातनं उठवलं," जाऊबाई म्हणाल्या, "तवा तिनं मला इचारलं नवतं, तू कुटं झोपणार हायेस म्हणून."

दादांचे हात सुटले. जाऊबाईंनी परडी हातावर घेतली आणि कुणाची वाट न बघता चालायला लागल्या.