अण्णांचं नाक

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाते गावात एका शेतकऱ्याच्या अंगणातून भाताची पोती टेम्पोत चढवत होतो. खरं सांगतो, दुःखाच्या आधी भीतीच वाटली... आता रोज सकाळी माझ्या तोंडाचा वास कोण घेणार?

मी काही साधासुधा पिणारा नव्हतो. महाड ते पोलादपूर, जेवढे दारूवाले तेवढ्यांच्या पोरींची लग्नं माझ्या घशातून लागली. एमआयडीसीतली नोकरी गेली. व्यसनमुक्ती केंद्रातून सुधारून आलो, तर गावातला कुत्रासुद्धा मला कामाला ठेवीना. पोलादपूरला अण्णांची भातगिरणी. त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा हात असे कापत होते की पिंपळाची पानं लाजावीत. अण्णांनी हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "चाळणीपाशी उभा ऱ्हा. ती पण थरथरते. तुझं कुणाला कळायचं नाय."

झाली नोकरी. अट एकच, रोज साडेसातला त्यांच्यापुढे तोंड उघडून 'हा' करायचं. अत्तर पारखावं तसे ते डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे. "परवाची पण कळते मला. जा, मशीन चालू कर." दोन वर्षांत एक सकाळ चुकली नाही. कुडपणला भाच्याच्या हळदीत ग्लास ओठापर्यंत आला होता... पण अण्णांचं नाक डोंगर चढून वर येताना मला दिसलं, देवाशपथ दिसलं. ग्लास मेहुण्याच्या हातात दिला.

दहाव्यानंतर हे सगळं अण्णांच्या बायकोला, काकूंना सांगितलं. म्हटलं, असं नाक पुन्हा होणे नाही. काकू रडता रडता हसायला लागल्या.

"कसलं नाक रे? कोरोनात गेला त्यांचा वास, तो परत आलाच नाय. आमटी करपली तरी चांगली झालीय म्हणायचे."

मी गारच. ज्या नाकाला मी पोलीस ठाण्यापेक्षा जास्त भ्यालो, ते बंदच होतं!

"मग रोज हुंगायचे काय?"

"हुंगतायत कुठले. सात वाजल्यापासून दारात उभे. तू वळणावर दिसलास की 'सुरेश आला' म्हणायचे, मग चहाला तोंड लावायचे."

पाठीवरचं पोतं उतरावं तसं हलकं वाटलं. म्हणजे दोन वर्षं मी माझा मीच प्यायलो नव्हतो तर... आणि हे मला नाही, पण अण्णांना ठाऊक होतं.

तेराव्यानंतर गिरणी उघडायची ठरली. साडेसातला वळणावर आलो, तर दारात काकू उभ्या. हातात चहाचा कप, अजून तोंड न लावलेला.