उक्ता घेतलेला गोलंदाज

आमच्या जळगाव-धुळे टी-ट्वेंटी लीगमधला एक संघ आम्ही पाच जणांनी भागीत घेतला. मी जळगावात ठिबकच्या नळ्या विकतो. बाकीचे चौघे ओळखीचे व्यापारी. त्यांतले वडीलधारे आबा लिंबाचे खरेदीदार. ते बागा उक्त्या घेतात, म्हणजे झाडावरचा सगळा बहार एकरकमी. मग बागवाल्याला घरच्या पोह्यांवर पिळायला एक लिंबू हवं असलं तरी आबांना विचारावं लागतं.

लिलावात आबांनी पिंपळनेरचा डावखुरा गोलंदाज घेतला आणि मागे वळून म्हणाले, "उक्ता घेतला." आम्ही सगळे हसलो.

त्या मुलाचा हिशेब साधा होता. शेवटच्या सामन्याला राज्याच्या निवडसमितीचे दोघे येणार होते. त्यांच्यासमोर चार षटकं टाकायची, बस. त्यासाठी तो एसटीनं धुळ्याला आणि तिथून जळगावला सरावाला यायचा. साखळी सामन्यांत आमच्याकडून सर्वांत कमी धावा त्यानंच दिल्या.

त्या शेवटच्या सामन्याच्या आधी आबांच्या मुलीचा साखरपुडा निघाला. संघानं जर्सी घालून पंगतीत वाढावं, असा निरोप गेला. करारात फक्त सामने आणि सराव होता, हे मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, पोरं घरचीच आहेत. दहा-बारा जण आले, वाढलं, फोटो काढले. हा आला नाही. दुसऱ्या दिवशी सरावाला वेळेवर हजर. मोठा हिरो झालास का, असं एका भागीदारानं चिडवलं. तो आबांकडेच बघत म्हणाला, "आबा, सराव राही तं मी ईसू. ताटं उचलाले नही. तुम्ही मनी बोलिंग लिधी, माले नही."

बोलिंग घेतलीत, मला नाही, असं त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं. शेवटच्या सामन्याच्या अकरा जणांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

मी मालकांची बैठक मागितली. मैदानाबाहेर गाडीपाशीच झाली ती. मी म्हटलं, राग असेल तर मानधन कापा, पण आज त्याला खेळवा. आबा शांतपणे म्हणाले, "तुम्ही नळ्या विका, भाऊ. लिंबू तोडायचं की झाडावर ठेवायचं, ते घेणारा ठरवतो." बाकीचे तिघे मोबाइलमध्ये बघत होते. चार विरुद्ध एक.

आम्ही सामना जिंकलो, तोही सहज. हरलो असतो तर निदान कुणाला काही बोलता आलं असतं. निवडसमितीतल्या एकानं विचारलं, तो डावखुरा कुठे आहे? आबा म्हणाले, खांदा दुखतोय. मी तिथंच म्हणालो, खांदा ठणठणीत आहे, बसवलाय त्याला. तो गृहस्थ हसला आणि म्हणाला, तुमचं घरचं भांडण दिसतंय. मग चहाला गेला. मुलगा तेव्हा सीमारेषेवर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होता.

मी भागी सोडली. माझा हिस्सा आबांनीच घेतला. नव्या हंगामाआधी त्यांनी राखून ठेवायच्या खेळाडूंत पहिलं नाव त्याचं दिलं. एकदा राखला की संघानं सोडल्याशिवाय लीगमध्ये दुसरीकडे खेळता येत नाही. आबा त्याला खेळवणार नाहीत, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं.

त्या मुलाचा फोन आला. आबा सोडतील का, एवढंच विचारलं. खोटी आशा दाखवण्यात अर्थ नव्हता. नाही म्हणून सांगितलं.

"मंग मी खेळू कोठे, भाऊ?"