मुक्या टीव्हीच्या बाई

टीव्ही लागला की आमच्या अंगणवाडीच्या बाई पहिलं काम करायच्या ते त्याचा आवाज बंद करण्याचं. मग रिमोट कमरेला खोचायचा, पदर सावरून टीव्हीशेजारी उभं राहायचं आणि लेकरांना बजावायचं, "आता त्यो गप. मी बोलते."

तुम्हाला हा विक्षिप्तपणा वाटेल. मलाही वाटला असता, पण मी त्याचं कारण पाहिलं होतं.

कनेरगाव नाक्यावरून आत वळलं की आमचा तांडा लागतो. माझी शाळा आणि बाईंची अंगणवाडी यांच्यामध्ये एकच भिंत. बाई तांड्यातल्याच. आवाज असा खणखणीत, की त्यांनी बडबडगीत सुरू केलं की माझी दुसरीतली मुलं पाढे सोडून तेच म्हणायला लागायची. मी तक्रार केली तर म्हणायच्या, "गुर्जी, पाढे कुठं पळून जाऊन राहिले?"

टीव्ही तांड्यातल्याच एका नोकरदाराने भेट दिलेला. लेकरांचं लाडकं कार्टून हिंदीत. लेकरं घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारी, पण ते कळायला भाषेची गरज नव्हती. एक मुलगा, त्याच्या अंगात दहा बैलांचं बळ. एक मुलगी, तिला दर भागात कुणीतरी पळवून न्यायचं. ती ओरडायची, तो यायचा, ती टाळ्या वाजवायची, संपला भाग. लेकरं एका जागी बसतात यातच आम्ही दोघं खूश होतो.

एके दुपारी पोरांनी तोच खेळ मांडला. चारेक वर्षांच्या एका मुलीला ओढणीने अंगणातल्या निंबाला बांधलं. ती पळवलेली, हे सोडवणारे. तेवढ्यात खिचडी आली आणि सोडवणारे ताटं घेऊन पळाले. वाढता वाढता बाईंच्या लक्षात आलं की एक लेकरू कमी आहे. त्यांच्या मागोमाग मीही बाहेर आलो. मुलगी निंबाला पाठ लावून उभी होती. रडत नव्हती, नुसती वाटेकडे बघत होती. बाईंनी ओढणीला हात लावला, तर गाठ नव्हतीच. नुसता पीळ दिलेला.

"अगं, ढिलीच हाय की! काहून सोडली न्हाईस?"

"पोरगी सोडत न्हाई," ती म्हणाली. "पोरगा येतो."

बाईंचा आवाज मी पहिल्यांदाच बारीक झालेला ऐकला. "गुर्जी, भुकेनं लेकरू कासावीस, तरी उभंच! उद्या खरंच कुणी बांधलं तर?"

दुसऱ्या दिवसापासून टीव्ही मुका झाला. चित्र तेच, बोलणं मात्र बाईंचं, तेही गोरमाटीत. पडद्यावरची मुलगी किंचाळायला तोंड उघडायची आणि बाईंच्या आवाजात सांगायची, "मी सुटले, तू कुठं हाईस?" त्या बलवान मुलालाही बाईंनी सोडलं नाही. तो डोंगर उचलून उभा राहिला की कण्हायचा, "माझी कंबर गेली गं, मला भ्या वाटून राहिलंय." पोरं पोट धरून हसायची. पण पडलं-झडलं की भिंतीआड जाऊन गुपचूप डोळे पुसणारा एक पोरगा पुढे सरळ बाईंच्या मांडीवर येऊन रडू लागला, हेही मी पाहिलं.

दिवाळीला ती निंबाची मुलगी मामाकडे वसमतला गेली आणि काळजीत पडूनच परतली. "बाई, मामाचा टीव्ही खराब झाला. त्याच्यातली पोरगी नुसती वरडते, बोलतच न्हाई!" सगळ्या लेकरांचं एकमत झालं की तो दुरुस्तीला टाकायला हवा. मला हसू आवरेना. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "व्हय बाई, लई घरचे खराब झालेत."

बाई निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत गेल्याही. नव्या ताई मायाळू आहेत, पण टीव्ही आवाजासकट लावतात. ते किंचाळणं भिंतीतून माझ्या वर्गात येतं. मला बाईंची फार आठवण येते. वाटायचं, त्यांचं सगळं बोलणं त्यांच्याबरोबरच गेलं.

परवा मधल्या सुट्टीत पोरांनी पुन्हा तो खेळ काढला. ती निंबाची मुलगी आता माझ्या पहिलीत आहे. तिलाच बांधलं. खिचडीची हाक आली, पोरं पळाली. मी व्हरांड्यातून तिच्याकडे जायला निघालो आणि थांबलो. तिने अंग हलवून पाहिलं. या वेळी गाठ पक्की होती. तिने मान वाकडी केली, खांद्याजवळची गाठ दातात धरली आणि ओढत राहिली. सुटल्यावर ओढणीची घडी घातली, काखेत मारली आणि ताट घ्यायला निघाली.

अंगणवाडीच्या खिडकीपाशी मात्र ती थबकली. आत टीव्हीतली मुलगी जिवाच्या आकांताने ओरडत होती. हिने कमरेवर हात ठेवले आणि बाईंच्याच खणखणीत आवाजात तिला सांगितलं,

"अगं, दातानं सोड की!"