फळी नव्हे, तेलाचा डबा

मुलांनो, आज तेलाचा रिकामा डबा उन्हात ठेवला आणि त्या वासाने मला लहानपणीच्या देवळाच्या उत्सवात नेलं. माझे बाबा महायुद्धात बोटीवर स्वयंपाकी होते. बोट बुडाली, ते वाचले; पण कसे, ते कधीच सांगत नसत. शेवटी काकाने त्या उत्सवात त्यावर नाटक बसवलं. तो फळी धरून रंगमंचावर पोहू लागताच बाबा प्रेक्षकांतून ओरडले, "अरे मेल्या, फळी कुठली? तेलाचा डबा होता!" आणि स्वतःच वर चढून, हसत हसत सगळं करून दाखवू लागले.

आई म्हणाली, "घरात विचारून मी थकले, नि इथे अख्ख्या गावाला सांगतायत!"

आता वाटतं, काकाने मुद्दामच चूक केली असावी. सुट्टीत याल तेव्हा तुम्हीही हे नाटक करा. थोडं चुकवा, म्हणजे मीही बोलेन.