शिट्टी वाजली की पळायचं

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या मराठी मंडळात उल्काताई बर्व्यांना पहिल्या पंगतीला बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. त्या वाढणाऱ्या. वीस वर्षं त्यांनी इथल्या एका शाळेच्या किचनमध्ये पोरांना वाढलं, घरी येऊन घरच्यांना वाढलं. पिकनिकला एकदा ओढून संगीतखुर्चीत घेतलं, तर शेवटची खुर्ची त्यांनी "बस गं तू, तुझे गुडघे दुखतात" म्हणून समोरचीला देऊन टाकली. बाईच तशी, त्याला कोण काय करणार?

अशा बाईने रिटायर झाल्यावर मेटल डिटेक्टर घेतला. दोन वर्षं शेतकऱ्यांची परवानगी काढून, मातीत पुरलेलं जुनंपानं शोधत एकटी रानं तुडवली. बटणं मिळाली, ट्रॅक्टरचे नट मिळाले, एक झिजलेली पेनी मिळाली. आणि २००६च्या उन्हाळ्यात डिटेक्टरवाल्यांच्या क्लबने स्पर्धा जाहीर केली. शेतात धातूची दोनशे टोकनं पुरून ठेवायची, शिट्टी वाजली की साठ जणांनी एकदम तुटून पडायचं, चाळीस मिनिटांत ज्याची जास्त त्याला कप.

"मला तो कप हवाय," उल्काताई जेवताना म्हणाल्या.

पुरुषोत्तमरावांचा घास हातातच राहिला. पस्तीस वर्षांच्या संसारात या बाईने 'मला हवाय' म्हटलेलं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना इतका आनंद झाला की ते भात अर्धा टाकून सरावाला टोकनांऐवजी पुरायचे लोखंडी वायसर आणायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून बॅक गार्डनमध्ये तालीम सुरू झाली. वीस वायसर पुरायचे पुरुषोत्तमरावांनी, आणि मशीन म्हणून मॉप हातात धरून प्रतिस्पर्धी व्हायचं तेही त्यांनीच. पुरलेल्या जागा पाठ असल्याने ते थेट तिथेच जात.

"अहो, हे चीटिंग आहे."

"तिथे काय सगळे संत येणार आहेत? चल, घुस."

मशीन पीं करायचं, उल्काताई वाकायच्या, तेवढ्यात मॉप यायचा. "घ्या, तुम्ही घ्या," म्हणून त्या बाजूला व्हायच्या. एकोणीस विरुद्ध एक. तो एकही पुरुषोत्तमराव विसरले म्हणून. रात्री त्यांनी मोठं लेक्चर दिलं, पण सकाळी पहिले पाढे पंचावन्न.

"उल्का, तू त्यांना जेवायला बोलावलेलं नाहीये. कोपर मार, कोपर."

चौथ्या दिवशी त्यांनी मारलं. पुरुषोत्तमराव मॉपसकट पुदिन्याच्या वाफ्यात बसले. उल्काताई "अगं बाई, लागलं का" करत धावल्या आणि ते चिखलात बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होते. मग दोघांना असं हसू फुटलं की शेजारची डोरीन कुंपणावरून डोकावून सगळं ठीक आहे ना, विचारून गेली. तिथून पुढे बाईंच्या अंगात वारंच शिरलं. सुपरमार्केटात ट्रॉली ढकलतानाही त्यांची कोपरं बाहेर. शनिवारपर्यंत स्कोअर अकरा-नऊ, त्यांच्या बाजूने.

फक्त स्पर्धेच्या पहाटे पुरुषोत्तमराव खाली आले तर किचनभर तळणाचा वास. साठ बटाटेवडे.

"शत्रूला वडे?"

"लांबून येतात हो बिचारे."

पुरुषोत्तमरावांनी डबा गाडीच्या डिकीत टाकला आणि किल्ली आपल्या खिशात ठेवली.

न्यूबरीजवळचं शेत, वारा, दोरीपलीकडे पुरुषोत्तमराव, अलीकडे साठ मशीनं. शिट्टी वाजली आणि उल्काताई खरोखर पळाल्या. कोपरं काढून, टोपी पडली तरी न थांबता, आपल्याशीच हसत. वीस पावलांवर मशीन पीं झालं. त्याच ठिकाणी, त्याच क्षणी, एका दाढीवाल्या आडदांड माणसाचंही मशीन वाजलं. उल्काताईंनी कोपर सरसावलं.

तो माणूस एक पाऊल मागे सरला आणि हसला. "आफ्टर यू, लव्ह."

याची तालीम झालीच नव्हती. कोपर हवेतच राहिलं. 'नाही नाही, तुम्हीच घ्या' हे वाक्य जिभेवर आलं, जन्मभर येत होतं तसंच. दोरीपलीकडे पुरुषोत्तमरावांनी डोळे मिटून घेतले.

"थँक्यू," उल्काताई म्हणाल्या आणि गुडघे टेकून खणायला लागल्या.

टोकन पिशवीत टाकून त्या उठल्या तेव्हा तो माणूस अजून तिथेच मशीन फिरवत होता. त्याला वळसा घालून त्या पुढे पळाल्या.