छातीतला हेर

चाकणच्या कंपनीत गाड्यांचे पत्रे जोडायच्या लाइनवर मी उभ्या उभ्या कोसळलो. दुसऱ्यांदा! तपासण्या झाल्या. हृदय अगदी साळसूद. कंपनीच्या डॉक्टरांनी मला स्टोअरमध्ये हातमोजे वाटायला बसवलं. "कारण सापडलं की लाइनवर परत."

मग हृदयाच्या डॉक्टरांनी छातीच्या कातडीखाली पेनाच्या टोपणाएवढं यंत्र सरकवलं. ते रात्रंदिवस ठोके टिपणार आणि पुढची चक्कर पकडणार. म्हणजे लाइनवर परत जायचं, तर आधी पडायला हवं! मी त्याला हेर म्हणायचो. कॅन्टीनमध्ये शर्ट उघडून दर्शनही द्यायचो.

लाइनवरचा माझा जोडीदार म्हणाला, "राव, शिव्या जपून. डॉक्टरच्या कॉम्प्युटरवर उमटतील."

"उमटू देत. तुझ्याच नावानं दिल्यात."

घरी बायकोनं विचारलं, "अहो, देवाला एवढं काय मागताय?"

"चक्कर."

तिनं काडेपेटी फेकून मारली. तेव्हापासून मला न्हाणीघराची कडी लावायची बंदी झाली.

महिने गेले, हेर गप्प. लाइनची धडधड भिंतीपलीकडून ऐकत मी हातमोजे वाटत होतो.

शेवटी चिखलीच्या मंडईत मेथीच्या जुडीवरून घासाघीस करताना अंधारलं. डोळे उघडले तेव्हा डोकं बायकोच्या मांडीवर, तोंडात माती. चक्कर आली की हेरानं ती नोंद जपावी म्हणून दाबायचा छोटा रिमोट तिच्या पिशवीत असे.

"बटण दाबलंस?"

दाबलं होतं. ती पदरानं माझ्या तोंडाची माती पुसत होती आणि मी खुळ्यासारखा हसत होतो.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. ठोके, ठोके, मग सरळ रेघ. तेवढा वेळ माझं हृदय थांबलं होतं. पेसमेकर बसवावा लागणार होता.

"मग लाइनवर कधी?"

"काम काय करता?"

"स्पॉट वेल्डिंग."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नाही हो. त्या करंटनं पेसमेकर बिघडू शकतो. तिथं आता जायचं नाही."

आता खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेसाठी करंट बंद असतो, तेवढंच मला आत सोडतात. यंदा माझ्या वेल्डिंग गनला झेंडूची माळ मीच घातली.

जोडीदार म्हणाला, "लाव हात, भावा. बंद हाय."

लावला. गार होती. इतक्या वर्षांत ती कधी गार लागली नव्हती.

तेवढ्यात मेन स्विचपाशी उभ्या असलेल्या माणसानं हाक दिली, "भाऊ, बाहेर व्हा. चालू करतोय."